आकारांचे ऋण : व्हेक्टर बंडलला व्यस्त केव्हा असतो?

१/
धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त मांडले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. दोन्ही समान झाली की हिशेब शून्यावर येतो. विसाव्या शतकात गणितज्ञांनी हाच प्रश्न संख्यांऐवजी आकारांना विचारला. एका आकाराचा पीळ दुसऱ्या आकाराने फेडता येतो का? येत असेल, तर नेहमीच येतो का? या प्रश्नाचा प्रवास झ्युरिक, मॉस्को, शांघाय, प्रिन्स्टन आणि मुंबई या शहरांतून झाला. काही ऋणे कधीच फिटत नाहीत, असे त्यातून निष्पन्न झाले. आणि ती का फिटत नाहीत, हे शोधताना एक नवे बीजगणित हाती आले.

२/
आरंभ सर्वपरिचित वस्तूपासून करता येतो. १८५८ मध्ये लाइपझिगचे मोबिअस आणि ग्योटिंगेनचे लिस्टिंग यांनी एकमेकांच्या नकळत एकाच पट्टीचा अभ्यास केला. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली की ती तयार होते. ही पट्टी अशीही पाहता येते : मध्ये एक वर्तुळ आहे आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर एक रेषा उभी आहे. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला अशी रेषा, प्रतल किंवा अधिक मितींचे सदिश अवकाश सलगपणे जोडले, की जी रचना होते तिला व्हेक्टर बंडल म्हणतात. मराठीत तिला सदिश-गुच्छ म्हणता येईल. पीळ नसलेला गुच्छ हा ‘साधा’ गुच्छ. बांगडीसारखी सरळ पट्टी हा साधा गुच्छ, तर मोबिअसची पट्टी हा पिळाचा.

३/
गुच्छांची बेरीजही होते. प्रत्येक बिंदूवरील दोन रेषा परस्परांना लंब ठेवल्या की तेथे एक प्रतल मिळते. मोबिअसच्या दोन पट्ट्या अशा रीतीने मिळवल्या, तर वर्तुळाची एक फेरी पूर्ण होताना दोन्ही रेषांच्या दिशा उलट होतात. परंतु प्रतलात दोन्ही दिशा उलट होणे म्हणजे केवळ अर्धे वळण, आणि वळण हळूहळू उलट फिरवून नाहीसे करता येते. एकटी रेषा हे करू शकत नाही. तिच्यापाशी वळायला जागाच नसते. म्हणून मोबिअस अधिक मोबिअस बरोबर साधा गुच्छ. ज्या गुच्छात दुसरा एखादा सांत मितींचा गुच्छ मिळवला असता साधा गुच्छ मिळतो, त्याला ‘स्थिर व्यस्त’ आहे असे म्हणावे. मोबिअसची पट्टी स्वतःचीच व्यस्त आहे.

४/
गोलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोलावर केस उगवले आहेत अशी कल्पना केली, तर कुठेही भोवरा न पडता ते चापून विंचरता येत नाहीत. सम मितींच्या सर्व गोलांसाठी ब्राउवर यांनी हे १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा, की गोलाला स्पर्श करणाऱ्या प्रतलांचा गुच्छ साधा नाही. पण प्रत्येक बिंदूवर गोलाबाहेर जाणारी एक लंब रेषा त्यात मिळवली, की सर्वत्र नेहमीचे त्रिमित अवकाशच उरते. स्पर्शगुच्छाचा पीळ लंबगुच्छाने फेडला जातो. एखादा आकार मोठ्या सपाट अवकाशात बसवला, की त्याच्या स्पर्शगुच्छाला व्यस्त आपोआप मिळतो.

५/
हे निरीक्षण सिद्धांताला पोचले ते १९३५ च्या सुमारास. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात हाइन्झ हॉप्फ यांचे विद्यार्थी एडुआर्ड श्टीफेल यांनी, एखाद्या मॅनिफोल्डवर एकमेकांपासून स्वतंत्र अशी किती दिशाक्षेत्रे मांडता येतात, या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डचे हॅस्लर व्हिटनी यांनी गोलांच्या गुच्छांवरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. व्हिटनी संगीताचेही पदवीधर होते आणि कसलेले गिर्यारोहक होते. सप्टेंबर १९३५ मध्ये मॉस्को येथे संस्थितिविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हॉप्फ आणि व्हिटनी दोघेही तेथे उपस्थित होते. दोन खंडांत स्वतंत्रपणे सापडलेली कल्पना एकच आहे, हे स्पष्ट झाले. आज तिला श्टीफेल-व्हिटनी लक्षणवर्ग असे जोडनाव आहे.

६/
लक्षणवर्ग ही पिळाची मोजपट्टी. प्रत्येक गुच्छाला ती अवकाशाच्या कोहोमॉलॉजीतील एक बहुपदी देते. तिची घातमर्यादा गुच्छाच्या मितीपेक्षा अधिक नसते. साध्या गुच्छाची बहुपदी केवळ १ असते. व्हिटनी यांचे सर्वांत फलदायी सूत्र असे : दोन गुच्छांची बेरीज केली की त्यांच्या बहुपदींचा गुणाकार होतो. यावरून व्यस्ताची कसोटी तत्काळ हाती येते. गुच्छाला व्यस्त हवा असेल, तर त्याच्या बहुपदीला गुणाकार-व्यस्त हवा, आणि तोही सांत लांबीचा. पीळ फेडण्याचा भूमितीचा प्रश्न शाळेतल्या बीजगणितापाशी येऊन ठेपला.

७/
या सूत्राच्या सिद्धतेची कथा महायुद्धाच्या छायेतून जाते. व्हिटनी यांनी सूत्र मांडले खरे. पण त्यांची सर्वसाधारण सिद्धता फार अवघड होती. इकडे १९४३ मध्ये शिंग-शेन चर्न हे युद्धग्रस्त चीनमधील कुनमिंग सोडून लष्करी विमानांनी प्रिन्स्टनला पोचले. संमिश्र संख्यांवरील गुच्छांसाठी जे लक्षणवर्ग आज चर्न वर्ग म्हणून ओळखले जातात, त्यांवरील त्यांचा निबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मायदेशी परतले आणि शांघायमध्ये नव्या गणितसंस्थेची उभारणी करू लागले. तेथे त्यांना वू वेन-जुन हे तरुण विद्यार्थी भेटले. व्हिटनी यांच्या सूत्राची वू यांनी दिलेली सिद्धता १९४८ मध्ये छापून आली, आणि सूत्र सर्वांच्या वापरासाठी खुले झाले.

८/
दरम्यान आणखी एक कल्पना आकार घेत होती. प्रत्येक गुच्छ नव्याने घडवण्याऐवजी एकच ‘आदिगुच्छ’ असावा आणि इतर सारे त्याच्या प्रतिमा असाव्यात, ही ती कल्पना. स्टीनरॉड यांच्या १९५१ च्या ग्रंथाने हे शास्त्र सुसंघटित केले, आणि १९५६ मध्ये जॉन मिल्नर यांनी कोणत्याही संस्थितिक गटासाठी असा आदिगुच्छ बांधण्याची सर्वसाधारण कृती दिली. त्या गुच्छाचा पाया असलेल्या अवकाशाला गटाचे वर्गीकारी अवकाश म्हणतात. पूर्णांकांच्या गटाचे वर्गीकारी अवकाश म्हणजे साधे वर्तुळ. पूर्णांकांच्या जोड्यांच्या गटाचे अवकाश म्हणजे टोरस, मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखा. परंतु ज्या गटात केवळ दोनच घटक आहेत, ‘जसे आहे तसे’ आणि ‘उलट’, त्या इवल्या गटाचे वर्गीकारी अवकाश मात्र अनंत मितींचे निघते. त्याचे नाव अनंत प्रक्षेपी अवकाश.

९/
गट लहान आणि अवकाश अनंत, हा विरोधाभास येथे निर्णायक ठरतो. व्यस्त मिळण्यामागचे कारण तपासले की ते का, हे उलगडते. अवकाश कॉम्पॅक्ट असेल, तर त्यावरचा पिळाचा गुच्छ सांत संख्येच्या तुकड्यांत असा विभागता येतो, की प्रत्येक तुकड्यावर तो साधा असतो. प्रत्येक तुकड्यासाठी काही नवे अक्ष घ्यावेत आणि सर्व तुकड्यांचे अक्ष एकत्र करावेत. मूळ गुच्छ एका मोठ्या पण सांत मितींच्या साध्या गुच्छात बसतो. त्यात जे लंब उरते, तोच व्यस्त. येथे सारा भार ‘सांत’ या शब्दावर आहे. अवकाश कॉम्पॅक्ट नसले तरी सांत मितींचे असेल, तर तुकड्यांची चतुर जुळणी करून काम भागते. म्हणून वर्तुळ आणि टोरस यांवरील प्रत्येक गुच्छाला व्यस्त असतो. पण सांत तुकडे पुरलेच नाहीत तर?

१०/
अनंत प्रक्षेपी अवकाशावर मोबिअस पट्टीचे विराट भावंड राहते : त्या अवकाशाचा स्वाभाविक रेषागुच्छ. त्याची श्टीफेल-व्हिटनी बहुपदी १ + अ इतकीच आहे. येथील हिशेब सम-विषमाचा असतो. म्हणजे १ आणि १ मिळून शून्य. अशा हिशेबात १ + अ चा गुणाकार-व्यस्त म्हणजे १ + अ + अ² + अ³ + … ही मालिका. n मितींच्या प्रक्षेपी अवकाशात अ चा n पेक्षा मोठा घात शून्य होतो, म्हणून मालिका तेथे थांबते आणि n मितींचा व्यस्त खरोखरच सापडतो. अनंत प्रक्षेपी अवकाशात मात्र अ चा कोणताही घात शून्य होत नाही. मालिका थांबत नाही, आणि सांत मितींच्या गुच्छाला अनंत लांबीची बहुपदी असू शकत नाही. सबब या रेषागुच्छाला स्थिर व्यस्त नाही. सर्व गुच्छांचे ऋण फिटते, ही समजूत एका ओळीच्या गणिताने मोडते.

११/
हा पेच तातडीचा झाला तो १९५७ नंतर. त्या वर्षी अलेक्झांडर ग्रोतेंदीक यांनी रीमान-रोख प्रमेयाला नवे रूप देताना एक धाडसी पाऊल टाकले. गुच्छांची वजाबाकी होत नसेल, तर ती होते असे मानून चालावे. ऋण संख्यांप्रमाणे ‘ऋण गुच्छ’ औपचारिकरीत्या निर्माण करावेत. १९५९ मध्ये मायकेल अटिया आणि फ्रीडरिश हिर्झेब्रुख यांनी ही युक्ती संस्थितिविज्ञानात आणली, आणि के-सिद्धांत जन्माला आला. कॉम्पॅक्ट अवकाशावर प्रत्येक ऋण गुच्छामागे खरा व्यस्त उभा असतो. तेथे औपचारिक हिशेब आणि प्रत्यक्ष भूमिती यांचा मेळ बसतो. वर्गीकारी अवकाशावर हे दोघे एकमेकांपासून दुरावतात. मग तेथे के-सिद्धांत नेमके काय मोजतो?

१२/
अटिया यांनी सांत गटांसाठी १९६१ मध्ये उत्तर दिले. गटाची जी रेषीय निरूपणे असतात, म्हणजे गटाचा प्रत्येक घटक मॅट्रिक्सच्या रूपाने लिहिण्याच्या ज्या रीती असतात, त्यांचे एक वलय बनते. त्या वलयात एका विशिष्ट अर्थाने ‘जवळजवळ येत जाणाऱ्या’ सर्व क्रमिकांच्या सीमा भरल्या, की वर्गीकारी अवकाशाचा के-सिद्धांत मिळतो. हे भरणे अगदी तसेच आहे, जसे परिमेय संख्यांमधील फटी भरून वास्तव संख्या मिळवणे. कॉम्पॅक्ट ली गटांसाठी या प्रमेयाचे व्यापक रूप अटिया आणि ग्रेम सीगल यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले.

१३/
दोन घटकांच्या गटाला हे लावले की चित्र विलक्षण दिसते. संमिश्र रेषागुच्छ घेतला, तर २ मितींच्या प्रक्षेपी अवकाशावर त्याचा पीळ फेडायला त्याचीच १ प्रत पुरते. ४ मितींवर ३ प्रती लागतात, ६ मितींवर ७, ८ मितींवर १५. दर दोन मितींमागे आकडा दुप्पट होऊन वर एक वाढतो : १, ३, ७, १५, ३१… सांत पायऱ्यांवर हे ऋण दर वेळी फिटते, पण दर वेळी अधिक मोठ्या किमतीत. आता हेच आकडे १ + २ + ४ + ८ + … या बेरजेच्या पायऱ्या आहेत. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज अनंताकडे जाते. परंतु १८९७ मध्ये कुर्ट हेन्सेल यांनी मांडलेल्या २-अ‍ॅडिक संख्यांच्या जगात तिचे मूल्य नेमके –१ आहे. अनंत अवकाशावर व्यस्त गुच्छ म्हणून शिल्लक राहत नाही; तो या संख्याविश्वात उणे एक होऊन उतरतो. अटिया यांच्या प्रमेयात जी ‘भर’ घातली जाते, ती हीच.

१४/
तरीही एक शंका उरते. लक्षणवर्गांनी अडथळा दाखवला तर व्यस्त नाही, हे खरे. पण त्यांनी अडथळा दाखवला नाही, तर व्यस्त असतोच का? चार घटकांचा चक्रीय गट पाहावा, पाव-पाव वळणांचा. त्याच्या वर्गीकारी अवकाशावर असा रेषागुच्छ घ्यावा, की एका पाव वळणाला रेषा उलटते आणि दुसऱ्या पाव वळणाला पुन्हा पूर्ववत होते. याचा चर्न वर्ग १ + २क्ष असा येतो, आणि तेथे ४क्ष शून्य आहे. मग (१ + २क्ष)(१ – २क्ष) = १ – ४क्ष² = १. व्यस्त बहुपदी दोन पदांत संपली. श्टीफेल-व्हिटनी वर्गही असेच गप्प राहतात. जुनी मोजपट्टी येथे आंधळी आहे.

१५/
के-सिद्धांताची मोजपट्टी मात्र पाहू शकते. गुच्छातून साधा रेषागुच्छ वजा करून जो फरक उरतो, त्याला ‘फ’ म्हणावे. रेषागुच्छाला स्वतःनेच गुणले की साधा गुच्छ मिळतो; यावरून फ² = –२फ, फ³ = ४फ, फ⁴ = –८फ असे घात चढत जातात. ग्रोतेंदीक यांनी कल्पिलेल्या गॅमा क्रियांवरून असे दिसते, की रेषागुच्छाला स्थिर व्यस्त असेल तर फ चा कोणता तरी घात शून्य व्हायलाच हवा. पण या अवकाशाच्या के-सिद्धांतात फ ची कोणतीही पूर्णांकी पट शून्य होत नाही. म्हणून व्यस्त नाही. याच गॅमा क्रिया वापरून अटिया यांनी १९६२ मध्ये, प्रक्षेपी अवकाशे किती मितींच्या सपाट अवकाशात बसू शकत नाहीत, यावर निबंध लिहिला. व्हिटनी यांच्या मूळ प्रश्नाला मिळालेले ते नव्या पिढीचे उत्तर होते.

१६/
हीच पद्धत पुढे नेली की एक नेटका निष्कर्ष मिळतो. गट सांत असेल, तर त्याच्या ज्या संमिश्र निरूपणात एखादा तरी घटक खरोखर काही हालवतो, त्या निरूपणापासून वर्गीकारी अवकाशावर जो गुच्छ तयार होतो, त्याला स्थिर व्यस्त कधीच नसतो. उलट गटाचे वर्गीकारी अवकाश सांत मितींचे असेल, तर तेथील प्रत्येक गुच्छाला व्यस्त असतोच. या दोन टोकांमधील सीमारेषा गटाच्या घटकांत दडलेली आहे. काही पावलांनी मूळ जागी परतणारा घटक गटात असला, की वर्गीकारी अवकाश सांत मितींचे होऊच शकत नाही. पूर्णांकांच्या गटात पुढे गेलेले पाऊल परत येत नाही, म्हणून त्याचे अवकाश वर्तुळावर भागते. दोन घटकांच्या गटात दुसरे पाऊल मूळ जागी आणते, आणि त्या परतण्याची नोंद ठेवायला अनंत मिती खर्ची पडतात.

१७/
या इतिहासात मुंबईचेही स्थान आहे. १९५५ मध्ये झाँ-पिएर सेर यांनी बीजगणितातला समांतर प्रश्न उभा केला. तेथे गुच्छाची जागा प्रक्षेपी मॉड्यूल घेते, आणि त्याच्या व्याख्येतच व्यस्त गृहीत धरलेला असतो : दुसऱ्या कशात तरी मिळवले की मुक्त मॉड्यूल मिळावे. सेर यांचा प्रश्न असा होता, की बहुपदींच्या वलयावर अशी मॉड्यूले मुळातच मुक्त असतात का? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सी. एस. शेषाद्री यांनी दोन चलांसाठी १९५८ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. सर्व चलांसाठीचे उत्तर क्विलन आणि सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे १९७६ मध्ये दिले. त्याच संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि एस. रामानन यांनी १९६१ आणि १९६३ च्या निबंधांत आदिगुच्छाला आदि-कनेक्शनची जोड दिली. सांत मितींच्या मॅनिफोल्डवरील गुच्छासाठी पायाही सांत मितींचा पुरतो, हेच तत्त्व त्यांच्या कामात भूमितीच्या अधिक सूक्ष्म पातळीवर दिसते.

१८/
आज या विषयाची कसोटी एका वाक्यात सांगता येते. नेहमीच्या, म्हणजे पॅराकॉम्पॅक्ट, अवकाशावरील गुच्छाला स्थिर व्यस्त तेव्हाच असतो, जेव्हा तो सांत संख्येच्या तुकड्यांवर सरळ करता येतो. दुसऱ्या शब्दांत, अनंत आदिगुच्छाच्या एखाद्या सांत पायरीवरूनच तो उतरवता येतो. व्यस्त नसणे हे अपयश मानले गेले असते, तर कथा १० व्या क्रमांकावर संपली असती. ग्रोतेंदीक आणि अटिया यांनी त्या न फिटणाऱ्या ऋणाचा स्वतंत्र जमाखर्च मांडला. दोन घटकांच्या गटाने सांत पायऱ्यांवर मागितलेले १, ३, ७, १५ हे हप्ते त्या वहीत अखेर –१ या एकाच आकड्यात जमा झाले.